एकविसावा दिवस

दांडिया बाजारात राहून साखर सोडायची म्हणजे
तळ्यात बसून पाय कोरडे ठेवायचे.
इथे डाळीत गूळ, कढीत गूळ,
कारल्याच्या भाजीतसुद्धा चिमूटभर असतोच.

पहिला आठवडा नुसतं डोकं ठणकलं.
रिपोर्टमधल्या आकड्याखाली विद्याधरनं
लाल पेनानं दोनदा रेघ मारली होती.
मुलगाच तो, पण त्या दिवशी मास्तर झाला.

आता कांदा गोड लागतो.
दुधाला स्वतःची चव असते
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
पट्टा एक भोक आत गेला.
ओट्यावरची मुंग्यांची रांग
एका सकाळी वळली ती
खिडकीतून थेट कोकिलाबेनकडे राहायला गेली.

फायदा आहे. नाही कोण म्हणतंय?

काल कोकिलाबेनची वाटी आली,
दर गुरुवारी येते तशी, डाळीची.
बोट बुडवून चाटलं
आणि थबकलो. गूळ नव्हता.
जाळीपलीकडून आवाज: "तमारा माटे जुदी काढी छे."

वाटी रिकामी परत करू नये म्हणतात.
डबा उघडला.
तळाशी साखर, ढेकूळ झालेली.
चमच्यानं खरवडून वाटीभर काढली,
दारात जाऊन म्हटलं,
मुंग्यांसाठी आहे. आमच्याच आहेत त्या.