एकोणतिसावा दिवस

सयाजीगंजातल्या दुकानात तो मुलगा म्हणाला,
काका, साडा छ हजारमां बे वरस वधारे,
ने टेन्शन झीरो.
मी म्हटलं, कुणाचं टेन्शन, माझं की मशीनचं?
तो हसला. गळ्यातल्या पट्टीवर नाव हार्दिक.
दर वॉरंटीमागे त्याला काही सुटत असणार,
ते मी मनातल्या मनात वजा केलं.
त्रीस दिवसमां गमे त्यारे, म्हणाला.

आज एकोणतिसावा.

प्रतापनगरच्या शेडमध्ये चौतीस वर्षं
मी डिझेल इंजिनांच्या नोंदवह्या भरल्या.
मला कुणी यंत्रांचं सांगू नये.
यंत्र मोडतं ते पहिल्या काही महिन्यांत,
एखादा नट आवळायचा राहिलेला असतो,
नाहीतर थेट म्हातारपणी.
मधला काळ परातीच्या बुडासारखा,
सपाट.
पहिलं वर्ष कंपनीचं, फुकट.
म्हातारपण कुणी अंगावर घेत नाही.
म्हणजे हे साडेसहा हजार
नुसत्या बुडाचे.

कागदावर आलेख काढून दाखवला.
कुंदाने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली,
परात छान आलीय.

लॅपटॉप तिचा. ती मोडी वाचते.
लोक जमिनींचे जुने कागद घेऊन येतात,
पादऱ्याहून, वाघोडियाहून,
एकदा डभोईचे दोन भाऊ,
एका रिक्षातून आलेले, एकमेकांशी न बोलणारे.
ती फोटो काढते, मोठा करते,
आणि हात न उचलता लिहिलेल्या त्या एका रेघेतून
विहीर, बांध, चिंचेचं झाड
सुटं करून ठेवते.
भावांचा कागद दीडशे वर्षांचा,
वाळवीने कडेकडेने खाल्लेला,
मधलं सगळं शाबूत.
बघ, मी म्हटलं, परात.
ती म्हणाली, हो, पण भांडण कडेचंच आहे.

काल रात्री अटी वाचल्या.
आठ पानं, मुंगीएवढी अक्षरं, भिंग तिचंच घेतलं.
पडल्यास नाही.
चहा सांडल्यास नाही.
बॅटरी, चार्जर, बिजागरी झिजणारे भाग, म्हणून नाहीत.
पुराचं पाणी नाही, हे तर वेगळ्या ओळीत.
विश्वामित्री आमच्या सोसायटीत दोनदा येऊन गेली.
दुसऱ्या खेपेला पार्किंगमध्ये मगर होती,
पारेखांच्या स्कूटरला टेकून,
वन खात्याची माणसं येईपर्यंत निवांत.
मी हार्दिकला फोन लावला,
मगरीचं कलम कितवं?
तो थोडा वेळ गप्प. मग,
काका, सरने पूछवुं पडशे.

कुंदा हसली नाही.
म्हणाली, तुमची ती इंजिनं,
दर पंधरवड्याला उघडून बघत होतात ना?
तेल, गाळण्या, बेअरिंगा?
म्हणून बूड सपाट.
ह्याला कोण उघडणार?

चौतीस वर्षांच्या नोंदवह्यांत
हे वाक्य मी कुठेच लिहिलेलं नाही.
लॅपटॉप उलटा केला.
स्क्रू चांदणीच्या आकाराचे,
माझ्या पेटीतला एकही पाना त्यांना लागेना.

आता सव्वासात. दुकान नऊला बंद होतं.
टेबलावर पाकीट आहे, आत साडेसहा हजार,
वर तिने एक ओळ लिहिलीय, मोडीत.
हे पैसे हार्दिकला द्यायचे
की डब्यात टाकायचे, मोडेल तेव्हासाठी,
ते त्या ओळीत असणार.
लग्नाला अडतीस वर्षं झाली,
मला मोडलेलं वाचता येतं, मोडी नाही.
विचारलं तर पडद्यावरून नजर न काढता म्हणते,
हे पान संपू दे, उद्या वाचून दाखवते.

उद्या तिसावा.