टरफलं

चलावा नदीच्या काठी
कातडी निळी होऊन बाहेर पडतात
क्रोमच्या पिंपांतून,
आणि त्यांच्या मागोमाग पाणी,
हिरवट, फेसाळ,
लग्नघरातून हाकललेल्या माणसासारखं
खाली मान घालून उताराला लागतं.

तनिमूचे हात बघा.
सव्वीस वर्षं कातडी उलथली त्यानं.
पेरांवर खड्डे पडलेत,
एकेकात वाटाणा मावेल एवढे.
कालवणातली मिरची झोंबते म्हणून तो चमच्यानं जेवतो
आणि चार माणसांत चमच्याची त्याला लाज वाटते.

त्याची भाची लादिदी
दर गुरुवारी पोतं घेऊन बाजारात येते,
शेंगा भाजणाऱ्या बायकांच्या पायांशी बसून
टरफलं वेचते.
"खाणारे खाऊन गेले, पोरी,
तुझ्या वाट्याला हे?"
असाबे म्हातारी हसते.
लादिदी बोलत नाही.
शेंगा कोणी खाल्ल्या ते विचारत बसलं
तर टरफलं उचलायची कोणी?

असाबेनं लहानपणी पाहिलेत
कानोतले पोत्यांचे डोंगर,
टोकदार, आभाळात घुसलेले,
आगगाडीची वाट बघणारे.
सगळे समुद्रापार गेले.
उरलं ते ती सुपात पाखडते.

धुतली, हरमटानच्या कोरड्या वाऱ्यात वाळवली,
उखळात कांडली,
पिंपात दाबून भरली थरावर थर.
वरून कारखान्याचं पाणी,
खाली पितळी तोटी.

पहिलं पाणी आलं ते चहासारखं.
"एक रंग काढलास, दुसरा घातलास,"
तनिमू म्हणाला.
ते ओतून दिलं. पुन्हा तोटी सोडली.
मग बराच वेळ कोणीच काही म्हणालं नाही.
पेल्यातून पलीकडची भिंत दिसत होती,
भिंतीवरची पालसुद्धा.

टरफल काही गिळत नाही.
पचवत तर नाहीच.
त्याच्या जाळीदार सुरकुत्यांत
धातू येऊन बिलगतो,
एवढंच.
विष मेलेलं नसतं,
त्यानं बिऱ्हाड बदललेलं असतं.

नवव्या दिवशी तोटीखालचा पेला
पुन्हा हिरवट.
टरफलं भरली होती.

"आता यांचं काय?"
असाबेनं विचारलं.
चुलीत घालायची सोय नाही,
शेतात नाही, उकिरड्यावर नाही.
आम्लानं धुऊन क्रोम सुटं करता येतं,
कारखान्याला परत विकता येतं म्हणे.
त्या अर्जाला तिसरा महिना चालू आहे.

लादिदीनं पिंपाला कुलूप घातलं,
वर दोन लिप्यांत लिहिलं,
ठळक, लाल रंगात :
शेळ्यांना घालू नये.

संध्याकाळी असाबेची करडी शेळी आली,
अक्षरं हुंगली,
पिंपाला निवांत अंग घासू लागली.

तनिमू चमचा ठेवून
तिला हाकलायला उठला.