फाटकाच्या आतलं डिझेल

टाकी एकच, शेडच्या मागे, पांढरी,
तिच्यावर गुलाबी काकाकुव्यांनी शिटून काढलेली नक्षी.
नळीही एकच.
पण सरकारच्या लेखी डिझेल दोन प्रकारचं:
फाटकाच्या आत जळालेलं
आणि फाटकाबाहेर.

आतल्यावरचा कर परत मिळतो.
पेरणीयंत्र, हार्वेस्टर, पाण्याचा पंप,
मेंढ्यांमागे धावणारी पिकअपसुद्धा,
जोवर तिची चाकं घरच्या धुळीत आहेत तोवर.
लोखंडी जाळीवरून खडखडत ती डांबरावर चढली
की पुढच्या घोटाचा कर सरकारजमा.

बावीस वर्षं मी हे दोन रकाने भरते आहे,
सायलोसमोरच्या खोलीत. पूर्वी इथं खाटकाचं दुकान होतं.
छताला आकडे अजून तसेच आहेत,
टेबलावर माझे.

इथली माणसं मला लिटरनं कळतात.
कुणाचा पोरगा शनिवारी समुद्राकडे जातो,
कोण रात्री दोनला पेरतं,
कुणी शेतीत दाखवलेलं डिझेल
फुटबॉलच्या मैदानापाशी संपलं.
विचारत नाही मी.
खोडरबर समोर सरकवते
आणि किटली लावायला उठते.

एर्विन शिर्मरच्या वहीला खोडरबर कधी लागलं नाही.
सातला आडवी रेघ, शाई निळी,
आणि अर्धा लिटरसुद्धा अर्धा म्हणून लिहिलेला.

जुलैपासून त्याचा बाहेरचा रकाना फुगला.
मंगळवार, एक्केचाळीस.
मंगळवार, एक्केचाळीस.
पोर्ट लिंकन, जाऊन-येऊन.
कारणाच्या जागी एकच शब्द: हेडी.

हलकी गाडी, सार्वजनिक रस्ता, खासगी काम.
एक सेंटही परत नाही.
नियम मला पाठ आहे,
तरी त्या रात्री पुन्हा काढून वाचला,
तळटिपांसकट.

काल तो तिमाहीची वही घेऊन आला, टोपी हातात.
मंगळवार सप्टेंबरच्या मध्यावर थांबले होते.
त्यानंतर आठवडाभर काहीच नाही.
त्याआधी एक नोंद,
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच लिहिलेली:
तीन लिटर. हेडीला गहू बघायचा होता.

"हे कुठं घालायचं?"
"बघून काय म्हणाली?"
"म्हणाली, उत्तरेच्या तुकड्यात ओळी वाकड्या गेल्यात.
पेरताना झोपला होतास."
"मग ती पीकपाहणीच झाली," मी म्हणाले. "शेती."

लिहिलं. दीडएक डॉलर परत.

तो उठला, दारापर्यंत गेला,
तिथं पायपुसण्याकडे बघत थांबला, परत आला.
"उत्तरेच्या तुकड्याला जाताना
चारशे मीटर सडक लागते. ते काढ."
"एर्विन."
"काढ."

भागाकार केला.
पन्नासेक मिलिलिटर.
औषधाच्या बाटलीच्या झाकणानं
पाच मापं.
बाहेरच्या रकान्यात मांडलं ते,
दशांश चिन्हासकट.
त्यानं उभ्यानंच तपासलं, मान हलवली,
टोपी घातली.

बाहेर पिकअप सुरू झाली
आणि बराच वेळ तिथंच,
उभ्या उभ्या डिझेल जाळत राहिली.