बरणी

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी देवाजी उरकुडे
लोणच्याची बरणी पोटाशी धरून प्रयोगशाळेत आले.
"मॅडम, पाचगावच्या जुन्या खाणीतलं होय.
पाण्यात पाणीच हालून राहिलं."

कूलर बंद केला, बरणी खिडकीकडे धरली.
आधी काहीच नाही.
मग चार आण्याएवढं काहीतरी
मिटलं,
उघडलं,
वर चढलं,
आणि छत्री पसरून खाली येऊ लागलं
कुठं पोचायचं नसल्यासारखं.

वर्गात सांगते तसं सांगत गेले:
ही घंटा. मधोमध लोंबतो तो लोलक, त्याच्या टोकाला तोंड.
आत जातं तिथूनच परत बाहेर, दुसरं दार नाही.
या चार नळ्या मध्यापासून काठापर्यंत,
त्यांना बिलगलेली चार पांढुरकी पानं, त्यांत बीजं.
कडेला तीनचारशे धागे, धाग्याधाग्यात डंख,
पाणपिसवा मरण्यापुरता.

"काळीज?"
नाही.
"डोकं?"
तेही नाही.
देवाजींनी चष्मा पुसला. "भूक लागत असन पण."
लागते.

बरणी कलंडू नये म्हणून
त्यांनी खाणीतलाच एक काळा तुकडा तळाशी टाकलेला.
भिंगाखाली त्यावर मोहरीहून लहान खुंट:
हात नाहीत, धागे नाहीत,
नुसतं तोंड आणि चिकटून राहणं.
हीच तिची आई. बापही हाच.
वर्षानुवर्षं गाळात बसून
स्वतःचेच तुकडे शेजारी टाकत राहते, ते रांगतात, रुजतात.
फारच वाईट दिवस आले तर आखडून कवच होते.
आणि एखाद्या वर्षी, पाणी मनासारखं तापलं की
कुशीला कळी धरते. कळी सुटते, पोहते.
अख्ख्या खाणीत बहुधा साऱ्या माद्याच,
लग्नाचा प्रश्नच येत नाही.

देवाजी बराच वेळ भिंगावरून उठले नाहीत.
"माही माय त्याच खाणीत गिट्टी फोडे.
झिरा लागला, मालक पंप घेऊन गेला, काम बंद.
हा गोटा तिच्या हातचा असन. नसनही."

आठव्या दिवशी छत्र्या विरल्या.
मेल्या म्हणायला काही उरलंच नाही,
पाणी होतं, पाणी राहिलं.

बरणी अजून फडताळात आहे, तळाशी दगड,
वर देवाजींच्या अक्षरात चिठ्ठी: धुवू नये.
दरवर्षी कैऱ्या आल्या की घरून फोन येतो,
बरणी कुठं ठेवली म्हणून.
ते म्हणतात, कामात हाय.