झोन अ, झोन ब

दिगूची आणि माझी गाडी एकाच महिन्यातली,
एकाच रंगाची. कंपनी त्याला 'रेशमी चांदी' म्हणते,
आम्ही राखाडी.
माझी वडाळ्यात, त्याची देवरुखात.
हप्ता माझा जास्त.

गोन्साल्विसबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
तुम्ही झोन अ, भाऊ झोन ब.
मी म्हटलं, माझी आठवड्यातून एकदा हलते,
दवाखान्यापर्यंत आणि परत.
त्याची रोज घाट चढते.
रानडुकराने बंपर फोडला एकदा,
एकदा टपावर फणस पडला.
बाई हसल्या.
फणसाचा आकडा नसतो हो आमच्याकडे.

आकडा कशाचा असतो, तर
खेटून उभ्या गाड्यांचा,
रात्रीत नाहीशा होणाऱ्या आरशांचा,
वर्कशॉपातल्या तासाच्या मजुरीचा,
आणि तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर
ती मातकट रेघ आहे ना, तिचा.
तिथवर पाणी आलं होतं
आणि सतरा इंजिनं गिळून गेलं.
म्हणजे माझ्या गाडीला न पडलेला प्रत्येक पोचा
मी थोडा थोडा फेडते आहे,
तोंडही न पाहिलेल्या माणसांबरोबर वर्गणी काढून.
गणपतीच्या वर्गणीत निदान प्रसाद मिळतो.

मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.
थर्ड पार्टी.
ही बघा, दोघांची सारखी, रुपयाचा फरक नाही.
आपण कुणाला उडवलं
तर वडाळा काय, देवरुख काय,
भाव एकच.
आपला पत्रा तेवढा जागा बघून महाग होतो.

जानेवारीत दिगू इकडे आला.
डायलिसिस, आठवड्यातून तीनदा.
गाडी भाच्याने चालवत आणली,
एमएच शून्य आठ.
दोघी शेजारी उभ्या केल्या,
मधे बोटभर जागा.
बाईंना फोन लावला तर म्हणाल्या,
पत्ता बदलला तर नोंदणी बदला,
नोंदणी बदलली की झोन,
मग फरक भरायचा.

दिगू पलंगावरून ऐकत होता.
म्हणाला, बघ, वडाळ्याला आलो
आणि माझा भाव वाढला.

संध्याकाळी खाली जाऊन टपावरून हात फिरवला.
खळगा तसाच आहे,
वाटीएवढा.
वर येऊन विचारलं, क्लेम का नाही केलास तेव्हा?
म्हणाला, आपल्याच झाडाचा होता गं,
कुणाकडे मागायचे?