हातचा

माझं अक्षर बरं, म्हणून पेन माझ्याकडे.
दुकानाची उधारीची वही उलटी धरून
बाबा म्हणाले, मागून सुरू कर. लिही:
सिरीहाङ्माचा नंबर, सातशे एक्केचाळीस.

आमच्या वाट्याच्या फुकट जागा
यंदा पाचशे अठरावर संपल्या.
मधल्या दोनशे तेवीस जणांबद्दल सिरी
ओळखीच्यांबद्दल बोलावं तसं बोलते.
कुणी धरानची, कुणी बुटवलचा,
आणि एक, तिची खात्रीच आहे,
पेपरभर तिच्या पुढच्या बाकावर शिंकत होता.

पहिला रकाना: देशातच, पैसे भरून.
फी बेचाळीस लाख.
मी शून्यं मोजून काढली, तरी बाबांनी
बोट ठेवून पुन्हा मोजली.
खाली होस्टेल. खाली मेस.
आमा म्हणाली, जेवणाचं धरू नकोस,
तांदूळ मी पाठवीन बसने.
साडेपाच वर्षांचा तांदूळ
फिदिमच्या स्टँडवर टपावर चढवणारी आमा
मला लख्ख दिसली.
मी लिहिलं: मेस, शून्य.
सिरीने काही न बोलता ते खोडून
सहा लाख केलं.

दुसरा रकाना चीन.
एजंटच्या चकचकीत कागदावर
पांढऱ्या कोटातली सहा पोरं हसतायत,
सहाही जणांचे दात सारखे.
स्वस्त आहे. पण परत आल्यावर
पुन्हा परीक्षा, मग लायसन.
आजोबांनी विचारलं, दोनदा पास व्हायचं
तर पैसे एकदाच का घेतात?
बांगलादेशासाठी रेघ मारली होती,
तिथे नरध्वजकाकांच्या मुलीला फोन लावला,
ती रडायला लागली, कशाने ते सांगेना.
रकाना कोराच राहिला.

नर्सिंग, बाबा हळूच म्हणाले.
सिरीने माझ्या हातातल्या पेनाला टोपण लावलं.

बराच वेळ चुलीवरचं पाणी उकळत राहिलं.
मग तीच म्हणाली, एक वर्ष थांबते.
थांबण्याचं काय लिहायचं?
काठमांडूतली खोली, क्लास, एवढं मांडता आलं.
तिचं विसावं वर्ष
कुठल्या ओळीत धरायचं, कुणी सांगितलं नाही.

आता जमा.
मसाला वेलची, अकरा मण, आजच्या भावाने
(बाबा म्हणाले, कालच्या भावाने लिही, आजचा पडलाय).
आमाच्या कानातलं. आमाने आधीच काढून
वहीशेजारी ठेवलं होतं,
त्याखाली कागद थोडा दबला होता.
आजोबांची पलटणीची पेन्शन.
ती किती वर्षं धरायची म्हणून मी थांबलो,
तर ते खोकला आवरून म्हणाले,
साडेपाच वर्षं मी मरत नाही. लिही.

आणि टंकदाजू, दोहा, महिना पस्तीस हजार.
त्याचं काँट्रॅक्ट दसैंला संपतं.
यायचं ठरलंय. आमाने त्याची गादी
दोनदा उन्हात घातलीय.
फोनवर तो दिसला, कपाळावर हेल्मेटचा वळ,
मागे दुमजली पलंगावर कुणाचे तरी पाय.
किती कमी पडतात, म्हणाला.
कुणी बोललं नाही.
मग स्वतःच: बरं. अजून तीन वर्षं धर.

मी बेरीज करायला घेतली.
शाळेत शिकवलंय, हातचा एक
डोक्यावर बारीक लिहायचा,
पुढच्या घरात मिळवून झाला
की त्याच्यावर आडवी रेघ मारायची.
मी मिळवला.
रेघ मारायला हात होईना.

रात्री सगळे निजल्यावर
सिरीने वही सुलटी केली, दुकानाच्या बाजूने.
साबण, मीठ, दोन बंडल विडी,
येणेकऱ्यांची नावं.
शेवटच्या गिऱ्हाइकाखाली
तिने आपलं नाव लिहिलं,
पुढे: टंकदाजूचे.
आकड्याची जागा मोकळी सोडली.

अक्षर तिचं वाईटच.
पण वाचता येतंय.