ठाण्यातला कूलर

एप्रिलात मीच दुरुस्त केला होता तो.
चोवीस इंची, हिरवा रंग, तळाला गंज,
मागच्या खोलीच्या खिडकीत विटांवर टेकवलेला.
पंप बदलला, वाळ्याच्या ताट्या नव्या घातल्या.
पात्याचा एक कोपरा मुडपला होता, म्हणून खडखडायचा.
म्हटलं, साहेब, दहा मिनिटं द्या, पातं सरळ करून देतो.
हवालदार हसला.
राहू दे बे, म्हणाला. आवाज बराच आहे त्याचा.

मीही हसलो.
पंपाचे तीनशे साठ अजून उधारीच्या वहीत आहेत,
'ठाणे' एवढंच लिहून. नाव कुणाचं टाकणार.

मे महिन्यात प्रणयला उचललं.
बर्डीवर कुणाचा तरी मोबाइल गेला होता
आणि हा तिथं उसाचा रस पीत उभा,
क्लासचं दप्तर पाठीला.
सतरा वर्षं चार महिने.
जन्मदाखला घेऊन गेलो, लॅमिनेशन केलेला.
ते म्हणाले, मिशी तर एकोणीसची दिसते.
दाखला टेबलावर राहिला. त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

बाहेर कडुनिंबाखाली दोन रात्री बसलो.
मधूनच कूलर सुरू व्हायचा, खड खड खड खड.
मग बंद.
मग पुन्हा.
मनात म्हणायचो, अशी चालू-बंद केली तर
मोटर जळंल यांची.
आणि हेही म्हणायचो, खोटं कशाला सांगू,
की चला, पोट्ट्याले हवा तरी लागून राह्यली.

मेयोत नेलं. नवख्या डॉक्टर मुलीनं चेहरा पाहिला, हात पाहिले,
शर्ट वर करून पाठ पाहिली.
दाराशी शिपाई उभा.
चप्पल काढ, असं कुणी म्हटलं नाही.
कागदावर लिहिलं, ताजी जखम नाही.
ताजी.
भाजीसारखी.

मोबाइल मालकाच्याच गाडीत सापडला, सीटखाली.
घेऊन जा, म्हणाले, समजदार पोरगा आहे.
समजदार पोरगा ऑटोतून उतरला आणि
दारापासून मोरीपर्यंत गुडघ्यांवर गेला.
त्याच्या आईनं तळवे पाहिले.
परातीत पाणी आणलं, हळद आणली,
आणि परात धरून तशीच उभी राहिली,
कुठून सुरुवात करायची ते न कळून.

दिवसा सेहेचाळीस होतं. रात्री दोनलाही भिंती तव्यासारख्या.
मी घरचा कूलर लावला.
बटण दाबलं आणि पोरगं भिंतीला जाऊन चिकटलं,
पाय पोटाशी, तळवे दोन्ही हातांनी झाकलेले.
बाबा, बंद करा.
बाबा, सांगतो, सांगतो मी, बंद करा.

सांगतो म्हणाला.
मला.

आमच्या कूलरला आवाज नाही,
पातं मी स्वतः तोलून बसवलंय.
पण ताटीवरून पाणी उतरतं, आणि
ओल्या वाळ्याचा तो वास येतो खोलीभर.
तो तर मीच भरून आलो होतो तिथं.

वकीलबाई विचारतात, साक्षीदार कोण?
मी म्हणतो, बाहेर मीच होतो.
काय ऐकलं?
कूलर.
त्या पेन खाली ठेवतात. मग उचलतात. लिहीत मात्र नाहीत.

काल ठाण्यातून फोन आला.
मोटर जळली म्हणे, लवकर या, साहेबाले उकडून राह्यलं.
येतो म्हणालो.
गेलो नाही.
पण येतो का म्हणालो, ते रात्रभर उमगलं नाही,
नव्या पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्याच्या पायांना वारा घालत बसलो तेव्हाही,
एक हात दुखला की दुसरा,
पुठ्ठ्याचा आवाज होणार नाही इतका हळू.